कर्नाळा पक्षी अभयारण्य: गुडघा बदललेले सासरे आणि सात वर्षांचा मुलगा, दोघांना झेपेल का?

ऋता_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस पनवेलजवळच्या कर्नाळ्याला जायचा विचार आहे. बरोबर सासरे (वय ७२) आणि मुलगा ईशान (दुसरीत).

बाबांना पक्ष्यांची फार आवड. नोकरीत असताना विदर्भात होते, तेव्हा तळ्यांवर जाऊन बदकं, करकोचे बघायचे. जंगलातले पक्षी त्यांनी फारसे पाहिलेले नाहीत. मार्चमध्ये उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. आता सपाटीवर काठी घेऊन तासभर आरामात चालतात, चढणही हळूहळू चढतात, पण उतरताना त्रास होतो आणि उतार दिसला की धास्तावतात. शिवाय दोन्ही कानांना यंत्र आहे. परवा म्हणाले, "रानात पक्षी ऐकून शोधायचा असतो, मी येऊन काय करू?" ते ऐकल्यापासून मला चैन नाही, म्हणून इथे विचारतेय.

ईशानला तिबोटी खंड्या बघायचाय. रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून शाळेत त्याचं चित्र काढलंय आणि आता तो दिसणारच अशी त्याची खात्री आहे.

कोणती वाट धरावी? किती वेळ हाताशी ठेवावा? ठाण्याहून लोकलने यावं की गाडीने? जे सुचेल ते सांगा, प्लीज.

भटक्या_डोंबिवली

एक गोष्ट आधी सांगतो: अभयारण्यातून कर्नाळा किल्ल्यावर जाणाऱ्या वाटेला जाऊ नका. तिकीटघरापाशी भेटणारी निम्मी मंडळी "अर्ध्यापर्यंत तरी जाऊन या, काही नाही" असं म्हणतात. त्यांचं ऐकू नका. वाट दगडाधोंड्यांची आहे, वरचा टप्पा खडा आहे आणि येताना सगळा उतारच उतार. पानगळ सुरू झाली की दगडांवर कोरडी पानं साचतात, धडधाकट माणूसही घसरतो. वर किल्ल्याच्या सुळक्याला आग्या मोहोळं असतात, गोंगाट झाला की माश्या उठतात. लहान मुलाला घेऊन नकोच.

सुळका महामार्गावरूनही झकास दिसतो. शिरढोण मागे पडलं की समोर बघा. शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते. मुलाला गाडीतच गोष्ट सांगून टाका, किल्ल्याचा कार्यक्रम तिथेच उरकतो.

पनवेलकरीण

ऋता, तुझा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी पनवेलला शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून थंडीत आठवड्याला एखादी सकाळ कर्नाळ्यात काढते, कधी मैत्रिणीबरोबर, बहुतेकदा एकटीच. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

बाबांना नक्की आण. कर्नाळ्याचं रान बसणाऱ्याला जास्त दाखवतं. भराभर चालून दोन्ही वाटा संपवणारे "काहीच नाही हो, नुसती माकडं" म्हणत परत जातात, हे मी दर रविवारी ऐकते. पक्षी तिथेच असतात. पावलं वाजली की ते पानाआड स्तब्ध होतात आणि माणूस पुढे गेला की पुन्हा आपल्या उद्योगाला लागतात. ते पुन्हा कामाला लागेपर्यंत जो थांबतो त्याला ते दिसतात. तुझे सासरे तळ्याकाठी बसून बदकं बघत आलेत, म्हणजे थांबायची सवय त्यांना आहेच. रानात उपयोगी पडते ती हीच.

आता वाटा. फाटकातून आत गेल्यावर सुरुवातीला रुंद रस्ता आहे, तिथे त्यांना काठीचीही गरज वाटणार नाही. पुढे निसर्गवाटा फुटतात. हरियाल नावाची वाट छोटी आहे, साधारण एक किलोमीटर. मोरटाका लांब आहे, चढउतारही जास्त. तुम्ही हरियाल धरा, आणि तीही पूर्ण केलीच पाहिजे असं नाही. जिथे उतार त्यांना नको वाटेल तिथून मागे फिरा. त्याच वाटेने परत येताना दुसरेच पक्षी भेटतात, कारण तोवर ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलेलं असतं.

वेळ सकाळचीच. फाटक उघडताना तुम्ही तिथे असावं. डिसेंबरात साडेआठ-नऊपर्यंत रान नुसतं बोलत असतं. पहिला अर्धा तास तर रुंद रस्त्यावरच काढा, आत शिरायची घाई करू नका. उंबर फळला असेल तर त्याच्याखालून हलूच नका. कुटुर्गे, तांबट, बुलबुल, हळद्या आणि नशिबात असेल तर हरियालांचा अख्खा थवा. हरियाल आपला राज्यपक्षी, पण पानांत बसला की हिरव्यात हिरवा मिसळून जातो. ईशानला सांग, पक्षी शोधू नकोस, पडणारी उंबरं बघ. उंबर टपकलं की वर मान करायची.

आणि ऊन थोडं वर आलं की मिश्र थव्याची वाट बघा. माझ्या मते कर्नाळ्याला यायचं ते यासाठी. पाच-दहा जातींचे पक्षी एकत्र निघतात आणि झाडाझाडातून शिकार करत पुढे सरकतात. निखार शेंड्यांवर, शिलींध्री खोडावर उलटी डोकं खाली करून, नीलमणी मधल्या फांद्यांत, सुतार वठलेल्या लाकडावर. त्यांत एक छोटा काळापांढरा सुतार असतो, शेंडीवाला, पंखांवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके. तो दिसला तर ईशान कधी विसरणार नाही. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याच्या तोंडी पडतो आणि शिक्रा या शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला डोळे जास्त होतात, म्हणून हे सगळे एकत्र हिंडतात. बरोबर बहुतेकदा भृंगराज असतो, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाशी पिसांचे झुबके असलेला कोतवाल. तो इतरांच्या हुबेहूब नकला करतो, शिक्र्याचीसुद्धा. शिक्र्याचा आवाज आला की खालच्या पक्ष्यांत धांदल उडते आणि त्या गडबडीत किडा बऱ्याचदा भृंगराजाच्या चोचीत जातो.

थवा आला की चालू नका. जिथे असाल तिथे उभे राहा, बाबांना घडीच्या स्टुलावर बसवा. पाचसात मिनिटांत तो डोक्यावरून निघून जातो. मग पुन्हा सामसूम, इतकी की रान रिकामं झालंसं वाटतं.

घडीचं स्टूल मात्र विसरू नका. वाटेत बसायला जागा आहेत, पण हव्या त्या ठिकाणी नसतात.

ऋता_ठाणे

ताई, किती मनापासून लिहिलंत! बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. भृंगराजाचा भाग दोनदा वाचायला लावला.

पण कानांचं काय करू? यंत्र लावूनही बारीक आवाज येत नाहीत म्हणतात. घराबाहेर शिंजीर कोकलत असतो, ईशानला ऐकू येतो, त्यांना नाही. आणि तिबोट्याचं सांगा, ईशान रोज विचारतो.

रानवाट_८८

तिबोट्याचं मी सांगतो. डिसेंबरात तो नाही दिसणार. ईशानला आत्ताच सांगितलेलं बरं, तिथे जाऊन हिरमोड नको. हा पक्षी आपल्याकडे पावसाबरोबर येतो. जूनच्या आसपास दाखल होतो, ओढ्याच्या मातीच्या काठात आडवं बीळ कोरून घरटं करतो, सप्टेंबरपर्यंत पिल्लं वाढवतो आणि जातो. चिमणीपेक्षा लहान, पण पाठ निळी-जांभळी, पोट पिवळंधमक, चोच पोवळ्यासारखी. नावाने खंड्या असला तरी मासे कमीच, पिल्लांना पाली, सरडुली, बेडक्या, खेकडे, कोळी आणून भरवतो. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. रायगडने २०२० साली त्याला जिल्हा पक्षी केलं.

पावसाळ्यात ओढ्याकाठची वाट निसरडी असते, त्यामुळे बाबांना घेऊन तेव्हा येणं मला योग्य वाटत नाही. ईशानला आजोबांबरोबर आत्ता आणा आणि तिबोट्यासाठी जूनमध्ये वेगळं आणा.

आता एक विनंती, सगळ्यांनाच. जून ते सप्टेंबर "घरट्यावर नेतो, फोटो पक्का" असं सांगून लोकांना नेणारे असतात. जाऊ नका. तिबोट्या चोचीत पाल घेऊन येतो आणि समोर दहा-बारा माणसं दिसली की फांदीवर तसाच ताटकळतो. बिळात पिल्लं भुकेली, बाहेर हा भक्ष्य धरून बसलेला. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. समोरच्याने फ्लॅश मारला, दुसऱ्याने मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवली. पक्षी निघून गेला आणि आम्ही तिथे होतो तोवर परतला नाही. बिळाच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, आवाज वाजवून बोलवायचं नाही, घरट्याची जागा फोटोबरोबर टाकायची नाही. येता-जाता दिसला तर भाग्य. पावसाळ्यात वाटेवरूनच पुष्कळदा दिसतो. किरकिऱ्या शिट्टीसारखा आवाज करत डोळ्यांसमोरून सुळकन जातो.

पनवेलकरीण

रानवाटशी शंभर टक्के सहमत. माझ्या शाळेतली मुलं विचारायची, "बाई, मग बघायचा कसा?" मी त्यांना ओढ्यापासून लांब, छत्रीखाली, तोंड बंद ठेवून बसायला शिकवायचे. मुलांना ते जमतं, मोठ्यांनाच जड जातं.

आता कानांचं. ऋता, बाबांना सांग, वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे शिंजीर, वटवट्या, फुलटोचे यांचे. पण जंगलातले कितीतरी पक्षी खालच्या पट्टीत बोलतात आणि ते पुष्कळांना शेवटपर्यंत ऐकू येतात. भारद्वाजाचा हूप-हूप-हूप. कुटुर्ग्याचा घोळवलेला कुटुर्र-कुटुर्र, तो तर दरीभर घुमतो. तांबटाचा टुक-टुक. सुतार लाकडावर चोच आपटतो तो ताशा. आणि पाचू कवड्याचा अगदी खोल, छातीतून आल्यासारखा हुंकार, जो तरण्या कानांच्या लोकांना पुष्कळदा पक्ष्याचा आवाज आहे हे कळतच नाही. हे पाच आवाज घरी मोबाइलवर दोन-तीन दिवस ऐकवा. मग रानात ते स्वतःच म्हणतील, "कुटुर्गा तिकडे आहे."

बारीक आवाजांसाठी ईशान आहे ना! त्याने बोट दाखवायचं, आजोबांनी दुर्बीण लावायची. आजोबांना पक्षी धरायची नजर आहे, नातवाला कान आहेत. माझ्या शेजारी एक गृहस्थ आहेत, ते नातीला घेऊन अशीच जोडी करून येतात आणि त्या दोघांना दिसलेला श्यामा पक्षी मला एकटीला दिसला नव्हता.

आणि एक आवाज यंत्राशिवायही ऐकू येईल अशी मला आशा आहे: नारिंगी कस्तुराच्या पानं उलटण्याचा. डिसेंबरात वाळकी पानं पडायला लागलेली असतात. वाटेच्या कडेला सावलीत खस... खस... असा आवाज आला तर थांबा. माणूस चालल्यासारखा वाटतो, पण ताल वेगळा: दोन-तीनदा खस, मग पूर्ण शांतता, मग पुन्हा. तिथे नजर रोखा. मैनेएवढा पक्षी, डोकं-पोट नारिंगी, पाठ राखी-निळी, पांढऱ्या गालावर दोन काळ्या उभ्या रेघा. चोचीने पान धरतो, बाजूला भिरकावतो, मान तिरकी करून खाली बघतो. काही मिळालं तर घेतो, नाही तर पुढचं पान. त्याचं तुमच्याकडे लक्ष असतं, तुम्ही हलला नाहीत तर तो काम चालू ठेवतो. मी एकदा त्याला वाटेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पानं उलटत येताना पाहिलं, माझ्या चपलेपासून चार हातांवर.

पाणी दिसलं तर तिथे बसा. ऊन तापलं की पक्षी पाण्यावर येतात. स्वर्गीय नर्तक येतो तेव्हा तर बघतच राहावं. फांदीवरून सरळ पाण्यात झेप, एक बुडी, परत फांदीवर, पिसं झटकणं, पुन्हा झेप. नर तरुण असेल तर तांबूस, वय झालेला असेल तर पांढराशुभ्र आणि शेपटीच्या दोन फिती हातभर लांब. बाबांना सांग, म्हातारा झाल्यावर देखणा होणारा पक्षी आहे हा.

मुक्ता_पेण

गुडघ्यांबद्दल थोडं, कारण माझ्या आईचे दोन्ही बदललेले आहेत आणि आम्ही तिला कर्नाळ्यात नेतो. उतरताना त्यांनी काठी बदललेल्या पायाच्या उलट हातात, म्हणजे डाव्या हातात धरावी. आधी काठी आणि ऑपरेशनचा पाय खाली, मग चांगला पाय. चढताना आधी चांगला पाय. हे त्यांच्या फिजिओथेरपिस्टने शिकवलेलं असेलच, पण पक्षी बघायच्या नादात लोक विसरतात. चालताना दुर्बीण लावू नये. थांबा, दोन्ही पाय नीट रोवा, मग वर बघा. आईचा तोल गेला तो असाच, वर बघत चालताना. सुदैवाने भाऊ मागेच होता.

आत रानात स्वच्छतागृहाची सोय नाही, फाटकाजवळ जाऊन घ्या. अंगभर बाह्यांचे कपडे घाला, डास असतात. पांढरा, लाल रंग नको, मातकट-हिरवट बरा.

भटक्या_डोंबिवली

आणि प्लास्टिक! फाटकावर पिशव्या तपासतात, पाण्याच्या बाटल्यांची नोंद करून अनामत घेतात, परत आणून दाखवलीत की पैसे परत. स्टीलची बाटली असेल तर कटकटच नाही. वेफर्सची पाकिटं आणूच नका. माकडांना वास लागला की मुलाच्या हातातून ओढून घेतात. खाणं फाटकाबाहेर, गाडीत बसून.

ऋता_ठाणे

खूप खूप आभार. ईशानला तिबोट्याचं सांगितलं. थोडा रुसला, मग म्हणाला जूनमध्ये छत्री घेऊन जाऊ. बाबांनी पाच आवाजांचं काम मनावर घेतलंय. काल जेवताना भारद्वाजाची नक्कल करत होते.

दोन शेवटचे प्रश्न. दुर्बीण कोणती घेऊ? जुनी बदकांसाठीची मोठी आहे, १२ बाय ५० (म्हणजे बारा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची). आणि लोकल की गाडी?

रानवाट_८८

१२ बाय ५० रानात नको. जड आहे, हात थरथरला की चित्र हलतं, आणि इतक्या मोठेपणाला दिसणारा पट्टा अरुंद होतो. पानांत उड्या मारणारा पक्षी त्यात सापडेपर्यंत उडून जातो. ८ बाय ४२ घ्या. सावलीतही उजेड पुरतो आणि पट्टा रुंद असतो. ईशानसाठी हलकी, ८ बाय ३० चालेल. निघण्याआधी घरच्या खिडकीतून कावळ्यावर सराव करा: आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा, नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांना लावायची. उलटं केलं की मुलं कंटाळतात.

मर्लिन नावाचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या. भोवतालचे आवाज ऐकून पक्ष्याचं नाव पडद्यावर दाखवतं. बाबांना बारीक आवाज येत नसले तरी कोण बोलतंय हे वाचता येईल. कधीकधी चुकतं, म्हणून नाव आलं की पक्षी डोळ्यांनी बघूनच पक्कं करायचं. ते ऐकण्यापुरतंच वापरा, त्यातले आवाज रानात वाजवू नका.

पनवेलकरीण

गाडीने या. लोकल ठाण्याहून थेट पनवेलला येते हे खरं, पण पनवेलला उतरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथून पेण-अलिबागकडे जाणारी गाडी, कंडक्टरला "कर्नाळ्याला थांबेल ना?" विचारणं, यात सकाळचा चांगला वेळ निघून जातो. आणि परतीच्या गाडीसाठी महामार्ग ओलांडावा लागतो. तिथे ट्रक-कंटेनर जोरात येतात. काठीवाल्या माणसाला आणि लहान मुलाला घेऊन तो रस्ता ओलांडू नये असं मला फार वाटतं.

गाडीने कळंबोली, पळस्पे फाटा, तिथून गोव्याचा रस्ता. पनवेलपासून बारा किलोमीटरच्या आसपास. शनिवार-रविवार आणि नाताळच्या सुट्टीचे दिवस टाळता आले तर टाळा. किल्ल्यावर जाणाऱ्यांची आणि सहलींची गर्दी असते, मुलं ओरडत पळतात. मधला वार धरा, मंगळवार-बुधवार.

महामार्ग अभयारण्यातूनच जातो, त्यामुळे सुरुवातीला हॉर्न ऐकू येतील. बाबा यंत्र लावून असतील तर तो आवाज फार टोचेल, तेव्हा फाटकापासून थोडं आत जाईपर्यंत यंत्राचा आवाज कमी ठेवायला सांग. झाडी दाट झाली की वाहनांची घरघर मागे पडते, तिथे पुन्हा वाढवा.

अभयारण्य १९६८ सालचं आहे. सुरुवातीला साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं, २००३ मध्ये वाढून बारा चौरस किलोमीटरच्या वर गेलं. एवढ्याशा जागेत दोनशेच्या वर जातींची नोंद आहे. त्यातले वीस दिसले तरी पहिल्या खेपेला उत्तम. बाबांना एक छोटी वही दे, पक्ष्याचं नाव आणि तो काय करत होता ते लिहायला. मर्लिनमध्ये नाव आलं पण डोळ्यांनी दिसला नाही, तर ते वहीत लिहू नका.

तुमचा दिवस ठरला की इथे टाक. मी पनवेललाच आहे, मधला वार असेल तर सकाळी फाटकाशी येईन. स्टूल मीही आणते, एक जास्तीचं आहे माझ्याकडे.